डाव्या हाताचा विंच

माझगाव, मुंबई
ता. २ ऑगस्ट १९३७

भाऊजींना कवडूचा पाया पडून रामराम.

पत्र उशिरा लिहून राहिलो म्हणून आक्का रागावली असेल. तिले सांगा, तिचा भाऊ बरा आहे. इथलं पाणी मानवलं, भात अजून मानवला नाही.

आता कामाचं. रेल्वे पार्सलने एक लाकडी पेटी तुमच्या नावानं टाकली आहे. आत काशाचे दोन ढोल आहेत, पायलीएवढे. त्याले इथं विंच म्हणतात. शिडाच्या होडीवर दोन बाजूंना दोन बसवलेले राहतात. शिडाचा दोर ढोलाला तीन वेढे द्यायचा आणि वरून हँडल फिरवायचं, की वाऱ्यानं भरलेलं शीड एकटा माणूस ओढून धरतो. होडी एका साहेबाची आहे, जुनी. पावसाळ्यात सगळ्या होड्या आमच्या कारखान्यात जमिनीवर असतात. दसरा झाला की पाण्यात.

दोन्ही विंच जाम आहेत. विलायतेहून नवे मागवले तर मोसम संपल्यावर येतील, असं फोरमन म्हणून राहिला होता. मी म्हटलं, नागपूरले माझे भाऊजी आहेत, लोहाओळीत त्यांचं दुकान आहे, जिनिंगच्या यंत्रापासून शिलाईच्या मशीनपर्यंत ते काय उघडत नाहीत ते विचारा. फोरमन म्हणाला, मग करून आण. तुमच्या नावावर त्याचा फार विश्वास बसला.

हे जमलं तर मले गोदामातून काढून मिस्त्रीच्या हाताखाली कायम करतो म्हणाला. कायम माणसाले कारखान्याच्या चाळीत खोली भेटते. मग गोपिकेले आणता येईल, आमचा दोघांचा संसार मांडता येईल. दोन वर्षं झाली, तिले तुमच्या घरी ठेवून मी इथं पडलो आहो. तुम्ही काही म्हणत नाही, पण मले समजते.

विंचवर खडूनं 'डा' आणि 'उ' लिहिलं आहे. डावीकडचा आणि उजवीकडचा.

आणि एक. तुम्ही दुरुस्त केलेल्या वस्तूवर तुमच्या नावाचा ठसा मारता, तो यावर मारू नका. साहेबाले आवडत नाही.

तुमचा
कवडू


लोहाओळी, इतवारी, नागपूर
ता. १४ ऑगस्ट १९३७

चि. कवडू यास रुपराव वैरागडे याचा आशीर्वाद.

पेटी पोचली. बांधणाऱ्याला बांधणे येत नाही. खिळे आतल्या बाजूला निघाले होते व उजव्या ढोलावर त्यांचा ओरखडा आहे. तो माझ्या हातचा नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

तू लिहितोस, विंच जाम आहे. जाम हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणून वैद्याकडे जावे आणि वैद्याने 'ताप आहे' असे सांगून परत पाठवावे, तसे ते झाले.

उघडण्यापूर्वी वस्तू काम कशी करते ते पाहावे, हा माझा नियम. म्हणून रविवारी सायकलने अंबाझरीला गेलो. तिथे साहेबलोक तलावात शिडाच्या होड्या फिरवतात. पण त्या होड्या इतक्या लहान की विंच लागतच नाही. माणूस दोर हातात धरून बसतो. दोन तास काठावर उभा राहिलो. एक शिपाई येऊन विचारून गेला, ''काहून उभा आहे गा इथं?'' मी म्हटले, शिकून राहिलो. त्याने मला नीट पाहून घेतले आणि गेला. तेव्हा जे कळायचे ते वस्तूकडूनच कळणार, असे ठरवून परत आलो.

आधी डावा घेतला. डोक्यावर एक स्क्रू, त्याची खाच कोणीतरी चावून खाल्ल्यासारखी. बहुतेक लोक हाती लागेल तो पेचकस घेतात आणि स्क्रूने त्याच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा करतात. मी त्या खाचेच्या मापाचा पेचकस घासून केला. स्क्रू निघाला. ढोल निघेना. हातोडा मी पेटीतून बाहेरही काढला नाही. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवले. सकाळी मधल्या आसावर थंड पाण्याची चिंधी ठेवून ढोलावर कढत पाणी ओतले. काशाचा ढोल फुगतो, आतला आस थंड राहतो, दोघांत केसाएवढी जागा होते. ढेपेतून गूळ सुटावा तसा ढोल सुटून वर आला.

आत काय म्हणशील तर डांबर. कोणे एके काळी ते ग्रीस होते. त्यावर मिठाचा पांढरा थर आणि काशाचा हिरवा कळंक. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीने ग्रीस असेच मरते, पण त्याला मिठाची चव नसते. मी चाखून पाहिले.

रचना साधी आहे आणि चांगली आहे. करणारा माणूस विचार करणारा होता. ढोलाच्या आत एक दातेरी कडे, दोन किल्ल्यांवर, म्हणजे खाचेत ठोकलेल्या पाचरींवर, बसवलेले. खाली बुडाला दोन कुत्रे. कुत्रा म्हणजे काय हे तुला दोन वर्षे यंत्रांत राहून माहीत असावे, तरी लिहितो: दात्यावर टेकून बसणारा लहान तुकडा. एका बाजूने फिरणाऱ्या दात्याला तो कट्‌कट्‌ करत जाऊ देतो, उलट फिरू लागला की धरतो. शिडाचा सगळा जोर शेवटी या दोन कुत्र्यांच्या तोंडावर येतो. प्रत्येकाच्या मागे एक स्प्रिंग. ती नसली तर कुत्रा झोपतो.

स्प्रिंग काढताना गोपिकेला वर परात धरायला सांगितले होते, कारण या स्प्रिंगा उडतात. परात धरली होती, तरी एक उडाली आणि थेट ज्वारीच्या डब्यात गेली. तुझी आक्का म्हणाली, ''भाकरीत निघाली तर दात कोणाचा जाईन जी?'' दोघींनी मिळून सगळी ज्वारी चाळली. सापडली.

दोन्ही विंच मिळून कुत्रे चार. त्यांपैकी तीन गेले. तोंडे गोल झाली आहेत, धरणार नाहीत. मी नवे करतो. ग्रीस मी कुत्र्यांना लावणार नाही, फक्त पातळ तेल. ग्रीसमध्ये कुत्रा चिकटून बसतो, आणि चिकटलेला कुत्रा नसल्यासारखाच. हे मला कोणी शिकवलेले नाही.

ठशाबद्दल: साहेबाला दिसणार नाही अशा जागी मारीन.

रुपराव


माझगाव
ता. २३ ऑगस्ट १९३७

भाऊजींना रामराम.

तुमचं पत्र भेटलं. कारकुनानं विचारलं, काय खबर नागपूरची? मी म्हटलं, चारातले तीन कुत्ते गये. तो हळहळला. म्हणे, विषबाधा का? त्याले काहीबाही सांगता सांगता जेवणाची सुट्टी संपली.

ठसा मारूच नका म्हणतो मी. बाकी तुम्ही कराल ते ठीक. जरा लवकर करा. गोपिका बरी आहे ना? ती पत्रात काही लिहीत नाही. तिले चवथीपर्यंत लिहिता येते, मग काहून लिहीत नाही?

कवडू


लोहाओळी, इतवारी, नागपूर
ता. ८ सप्टेंबर १९३७

चि. कवडू यास आशीर्वाद.

पोळ्याच्या गडबडीत तीन दिवस गेले. बाकी काम झाले आहे. पेटी आज पार्सलला देतो आहे. खिळे या वेळी बाहेरच्या बाजूने आहेत.

तिन्ही कुत्रे नवे केले. यासाठी जिनिंगच्या जुन्या यंत्रातले एक बुश, म्हणजे आसाभोवतीचे नळकांडे, माझ्याकडे होते, चिवट धातूचे. त्यातून कापून कानशीने घासले. चौथा जुना कुत्रा चांगला होता, पण चौघांचा मेळ बसावा म्हणून त्याचेही तोंड नव्यांच्या मापाने केले. दिव्याची काजळी दात्यांना लावून प्रत्येक कुत्रा फिरवून पाहिला. काजळी पूर्ण तोंडाला लागेपर्यंत घासले. मुंबईत कोणी एवढे करीत असेल तर मला त्याचे नाव कळव.

आता एक महत्त्वाची गोष्ट, ती तुझ्या फोरमनला आवर्जून सांग. दोन्ही विंच मी एकाच वेळी समोरासमोर ठेवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की दोन्ही आतून एकाच हाताचे आहेत. दोन्ही उजवीकडे फिरतात. आता तू स्वतः 'डा' आणि 'उ' लिहून पाठवलेस. जोडी आहे. पोळ्याला परवा सगळा इतवारी बैलांच्या जोड्या पाहत होता. डाव्या जूचा बैल उजव्या जूला चालत नाही, हे कोणत्याही पोराला विचार. दाराच्या दोन फळ्या घे, पायांतल्या वहाणा घे. जोडीतले डावे आणि उजवे एकमेकांच्या उलट असतात, तरच ती जोडी. कोणातरी जुन्या कारागिराने डाव्या विंचचे कडे उलटे घातले आणि ते तसेच राहिले. दाते एकाच बाजूने झिजले आहेत, त्यावरून ही चूक किती जुनी ते कळते. वीस वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही.

मी ती दुरुस्त केली. कडे किल्ल्यांवरून काढून पालथे केले, कुत्रे आणि स्प्रिंगा बाजू बदलून बसवल्या. आता डावा डावीकडे फिरतो, उजवा उजवीकडे. दोर त्याप्रमाणे गुंडाळायचा.

ठसा डाव्याच्या कड्याखाली आहे. उघडल्याशिवाय दिसत नाही.

रुपराव

ता. क. खाली गोपिका दोन ओळी लिहिते म्हणते. मी वाचणार नाही.

मी बरी आहो. लिहीत नाही कारण पत्र सगळं विंचनं भरते, जागाच राहत नाही. खोलीत खिडकी आहे का ते कळवा. — गोपिका


माझगाव
ता. १६ सप्टेंबर १९३७

भाऊजींना साष्टांग नमस्कार.

पेटी भेटली. विंच पाहून सगळे चाट पडले. फोरमननं दोन्ही हातानं फिरवून पाहिले, कट्‌कट्‌ कट्‌कट्‌, जसं घड्याळ. हसून म्हणाला, होडी पाण्यात टाकताना बसवू. आता दसऱ्याची वाट.

तुमचं पत्र वाचलं. गोपिकेले सांगा, चाळीतली रिकामी खोली पाहून आलो, खिडकी आहे. तिच्यातून दुसऱ्या चाळीची भिंत दिसते, पण खिडकी आहे.

कवडू


माझगाव
ता. १६ ऑक्टोबर १९३७

भाऊजी,

हे पत्र आक्काले वाचून दाखवू नका.

काल होडी पाण्यात टाकली. फोरमन, मी आणि दाऊद तांडेल, असे तिघंच होतो. दाऊद म्हातारा आहे, रत्नागिरीकडचा, त्याचं सगळं आयुष्य शिडावर गेलं. बंदरातून बाहेर निघालो तोपर्यंत उजव्या विंचवर शीड होतं, काही तक्रार नाही. मग होडी वळवली आणि दोर डाव्या विंचवर आला. दाऊदनं तीन वेढे दिले, हँडल फिरवलं, ते पुढं जाईना, उलटच जाऊन राहिलं. त्याले वाटलं आत काही अडकलं. तेवढ्यात वारा भरला. ढोल नुसता भिरभिर फिरला, कुत्र्यांनी काही धरलं नाही. दोर दाऊदच्या हातातून धावत गेला. दोन्ही तळव्यांची कातडी निघाली. शीड मोकळं फडफडलं, होडी कलंडून राहिली होती, फोरमननं कशीबशी सावरली.

दाऊद ओरडला नाही. हात बादलीत घालून बसला आणि मले म्हणाला, ''डावा-उजवा कसला रे? सगळ्या होडीवर फेरा एकच असतो, घड्याळाच्या काट्यागत. काळोखात, लाटेत, ज्या विंचवर हात पडंल त्यावर हातानं तोच फेरा द्यायचा. डोस्क्याला विचारायला येळ असतो काय?''

मग मी खोलीवर येऊन तुमचं आठ सप्टेंबरचं पत्र काढलं. भाऊजी, खरं सांगतो, तुमचं पत्र लांब राहते. मी पहिलं पान वाचलं होतं आणि गोपिकेच्या दोन ओळी वाचल्या होत्या. मधलं वाचलं नव्हतं.

आता दुसरं खरं. फोरमनले मी तुमचं नाव सांगितलंच नव्हतं. वस्तू बाहेरच्या माणसाकडे जाऊ देत नाहीत. मी म्हटलं, मी भाऊजीच्या दुकानात शिकलो, मीच खोलीवर नेऊन करतो. म्हणून ठसा नको म्हणत होतो. म्हणजे विंच मी केले, असं इथं सगळ्यांले माहीत आहे. आणि दाऊदचे हात मी सोलले, हेही.

फोरमन रागावला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, ''तू केलास ना? मग सोमवारी पंचवीसला माझ्यासमोर तूच उघड आणि नीट कर. तेव्हा पाहू.'' मी आयुष्यात विंच उघडला नाही. गोदामात मी खोके मोजतो. जमलं नाही तर गोदामही गेलं, आणि मग गोपिकेले कोणत्या तोंडानं बोलावू?

तुम्ही येऊ शकता. तुम्ही आले तर अर्ध्या तासात होईल. पण मग मी खोटा ठरतो. काय करू ते सांगा.

कवडू


लोहाओळी, इतवारी, नागपूर
ता. १९ ऑक्टोबर १९३७

कवडू,

तुझे पत्र काल दुपारी मिळाले. उत्तर आज लिहितो आहे, कारण काल जे लिहिले ते पाठवण्याजोगे नव्हते.

माझे नाव तू सांगितले नाहीस. त्याविषयी मी पुढे लिहीन की नाही, हे ठरलेले नाही.

विंचविषयी. मी तांडेलाच्या म्हणण्यावर विचार केला. आधी वाटले, तो सवयीचे बोलतो. वीस वर्षे चुकीची वहाण घालणाऱ्याला तीच बरोबर वाटते. मग समोर पायली पालथी ठेवून, डोळे मिटून, दोर गुंडाळून पाहिला. एकदा डावीकडे बसून, एकदा उजवीकडे बसून. डोळे मिटल्यावर हात दोन्हीकडे एकच फेरा देतो. उलट द्यायचा म्हटले की मध्ये क्षणभर थांबावे लागते. त्या क्षणात काय होते ते तू लिहिले आहेस. बैलाचे उदाहरण इथे लागू नाही: जोडी दोरांची नाही, विंचची नाही, माणसाच्या हातांची आहे, आणि माणूस एकच आहे. तांडेलाचे कारण पटण्यासारखे आहे. ज्याने हे विंच मुळात केले तो बरोबर होता. मी त्याला चुकीचा ठरवला.

मी येणार नाही. मी आलो तर विंच नीट होईल आणि तुझी जागा जाईल. तेव्हा तूच उघडायचा. खाली लिहितो ते या वेळी मधलेसुद्धा वाच. नुसते वाचू नकोस. रविवारी बसून तोंडाने म्हण, हाताने हवेत कर.

विंच होडीवरच राहू दे. बुडाचे बोल्ट सोडायचे नाहीत. आधी खाली एक ओला पंचा अंथर. ओल्या कापडावर पडलेली वस्तू उडत नाही. वरचा स्क्रू सोडवायला पेचकस या पत्रासोबत वेगळ्या पार्सलाने पाठवला आहे. दुसरा वापरायचा नाही. स्क्रू निघाला की ढोल दोन्ही हातांनी सरळ वर. तिरका उचललास तर अडेल, आणि अडला की तू घाबरशील. घाबरलास तर थांब, परत खाली बसव, परत उचल. मी त्याला तेल देऊनच बसवला आहे, तो येईल.

ढोल पालथा कर. दातेरी कडे दिसेल. त्याच्या दोन किल्ल्या पितळी दांडीने हलक्या हाताने ठोकून काढ. कडे उचललेस की खाली माझा ठसा आहे, 'रु. वै.' फोरमन समोर असेल. तेव्हा कडे उचलायच्या आधी बोटाला थोडे ग्रीस लावून ठेव आणि कडे उचलताच तिथे पुस. ग्रीस तिथे चालते. त्याला वाटेल, तू बैठक भरून घेतो आहेस.

कडे पालथे करून परत बसव. दात्यांचा उतार कोणीकडे हवा ते उजव्या विंचकडे पाहून ठरव, माझ्या पत्राकडे पाहून नव्हे. मग बुडाचे दोन कुत्रे. एकेक करून काढ. डाव्या अंगठ्याने स्प्रिंग दाबून धर, उजव्या हाताने कुत्रा उचल, बाजू बदल, बसव, मग अंगठा सोड. कुत्रा बोटाने दाबला की परत उठला पाहिजे, लगेच. सुस्तपणे उठला तर पातळ तेल दे आणि पुन्हा पाहा. दोन्ही उठल्याशिवाय ढोल घालू नकोस.

फोरमनने विचारले, उलटे का घातले होते, तर जे तुला सुचेल ते सांग. मी इथून त्यात काही सांगू शकत नाही.

रुपराव


नागपूर
ता. २० ऑक्टोबर १९३७

स. न. वि. वि.

भाऊजींनी तुम्हाले पत्र टाकलं ते मले माहीत आहे. हे मी वेगळं लिहून राहिली, कारण त्यांच्या पत्रात हे नसणार.

सोमवारी तुमचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ट्रंक काढली. धोतर, सदरा, कानशी, सगळं भरलं. आक्कानं विचारलं, ''कुठं जाऊन राहिले जी?'' तर म्हणे, ''मुंबईले. माझं नाव घ्यायले.'' आक्का म्हणाली, ''कोणाकडून घ्यायले?'' त्यांनी ट्रंकेले कुलूप लावलं. रात्री स्टेशनवर गेले. गाडी गेल्यावर परत आले. ट्रंक उघडली नाही, तशीच खाटेखाली सरकवली आणि दोर घेऊन बसले, डोळे मिटून, एकदा इकडून, एकदा तिकडून. आक्का म्हणाली, ''मंत्रतंत्र करून राहिले का?''

सकाळी आक्का पाण्याला गेली तेव्हा त्यांनी मले बोलावून म्हटलं, ''बाई, त्या कड्याखाली काय आहे ते तुला माहीत आहे. ते कोणाला सांगायचं नाही.'' एवढंच.

ट्रंकेवर ठेवलेलं तुमचं पत्र मी वाचलं. तुम्ही खोटं बोलले ते मले आवडलं नाही. पण आता घाबरू नका. ती परात मीच धरली होती, त्यात काही कठीण नाही. स्प्रिंगवर अंगठा दाबला की डोळा स्प्रिंगवरच ठेवा, फोरमनकडे पाहू नका. पाहिलं की उडते.

गोपिका


माझगाव
ता. २८ ऑक्टोबर १९३७

भाऊजींच्या पायांवर डोकं ठेवून रामराम.

झालं. सोमवारी उघडला, केला, बसवला. काल बंदराबाहेर जाऊन आलो, डाव्या विंचवर शीड पूर्ण ओढलं, कुत्र्यांनी एक दाताही सोडला नाही. फोरमननं स्वतः हँडल धरून पाहिलं.

उघडताना काय काय झालं ते सांगतो. ढोल पहिल्या वेळी अडला. तुम्ही लिहिलं तसं खाली बसवला, परत उचलला, आला. किल्ल्या निघाल्या. कडं उचललं आणि ग्रीसचं बोट फिरवलं. फोरमनचं लक्ष घड्याळाकडे होतं. पण दाऊद तांडेल हातांना फडकी गुंडाळून तिथंच उभा होता, त्यानं पाहिलं. त्याले आपली अक्षरं वाचता येत नाहीत, पण ठसा आहे एवढं त्याले समजलं. तो फडक्याची गाठ दातानं आवळत राहिला.

कुत्रे बदलताना मी कोणाकडे पाहिलं नाही. एक स्प्रिंग निघता निघता राहिली, अंगठ्याखाली फडफडली, मी दाबून धरली. दोन्ही कुत्रे टपकन उठले.

फोरमननं विचारलंच, हे उलटं का घातलं होतंस? मी म्हटलं, ''माझी चूक झाली साहेब. डावा-उजवा जोडी समजलो.'' तो म्हणाला, ''आता समजलास?'' मी म्हटलं, समजलो. एक तारखेपासून मले कायम केलं. मिस्त्रीच्या हाताखाली. चाळीत खोली दिली, तीच खिडकीची.

दुसऱ्या एका होडीचे विंच आले आहेत, ते फोरमननं माझ्यासमोर ठेवले. मी पेचकस लावून पाहिला, खाच वेगळी आहे. मी म्हटलं, आधी पेचकस घासून घेतो. सगळे माझ्याकडे पाहून राहिले.

गोपिकेले पाठवून द्या. दिवाळी झाली की बसवून द्या.

दाऊद माझ्याशी बोलत नाही. चहाचा कप माझ्या हातून घेत नाही. फडकी अजून सुटली नाहीत. मी त्याचे दोर गुंडाळून देतो, तो ते उलगडून परत स्वतः गुंडाळतो. ते माझ्या नशिबी आहे, चालतं.

तुमचा
कवडू


लोहाओळी, इतवारी, नागपूर
ता. ७ नोव्हेंबर १९३७

चि. कवडू यास अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली. गोपिका बुधवारच्या मेलने निघते. सोबत तुझी आक्का येते, खोली लावून द्यायला. पंधरा दिवसांत तिला परत पाठव. दोघींना डब्यात बसवून देण्याचे काम मी केले आहे असे समज. इथे परात धरायला कोणी राहणार नाही, ती अडचण माझी आहे, त्याला मी काहीतरी करीन.

कानशी एक सपाट, एक त्रिकोणी, अशा दोन गोपिकेच्या ट्रंकेत तळाला आहेत. त्रिकोणी कानस एकाच दिशेने चालवायची. मागे आणताना उचलून आणायची. हे मी तुला लहानपणी सांगितले होते, तेव्हाही तू मधले ऐकले नाहीस.

नव्या विंचविषयी. पेचकस आधी घासलास हे बरोबर. उघडल्यावर काय दिसले ते मला लिहायची गरज नाही. अडलास तर लिही.

आता ज्याविषयी मागे लिहिले नव्हते त्याविषयी. फोरमनला तू तुझे नाव सांगितलेस. राहू दे. जागा तुझी आहे, पगार तुझा आहे, आणि आता त्या विंचला शेवटचा हातही तुझा लागला आहे. उद्या कोणी म्हणाला, या होडीचे विंच कवडूने केले, तर ते आता खोटे नाही. मी त्यावर हक्क सांगणार नाही, आणि तुझ्या आक्कालाही सांगू देणार नाही.

पण तू फोरमनला सांगितलेस, 'माझी चूक झाली.' ती तुझी नाही. तू पत्र वाचले नाहीस, ती तुझी. डावा-उजवा ठरवला तो मी. ते तुझ्यासारख्याला सुचले नसते. त्यासाठी दोन विंच समोरासमोर ठेवून तीन दिवस पाहावे लागतात. दाते एका बाजूने झिजलेले समोर दिसत असताना, ती झीज बरोबर असेल हे मनात येऊ न देता, उलट तोच पुरावा धरावा लागतो. ती पूर्ण माझी आहे. ती दुसऱ्याच्या नावावर पडलेली मला चालत नाही.

फोरमनला काही सांगू नकोस. त्याचे काम झाले आहे.

दाऊद तांडेलाला सांग. एकट्याला, फडकी सुटल्यावर. नाव सांग, गाव सांग, आणि मी काय समजलो होतो तेही सांग. त्याने तुला काय म्हणायचे ते नंतर त्याचे तो ठरवील. ज्याचे हात सोलले, त्याला सोलणारा कोण ते माहीत असले पाहिजे.

रुपराव नत्थूजी वैरागडे